लॉगचं पुस्तक आणि १३०वा क्रमांक

'मानव विकास निर्देशांकात १९३ देशांत भारत १३०वा.' मे २०२५ मध्ये ही बातमी आली आणि आमच्या ग्रुपवर एक काका उसळले: "अर्थव्यवस्था पहिल्या पाचांत आणि इथे १३०? परदेशी कट आहे सगळा!" आकडेमोड काही गुप्त नसते. अकरावीचं लॉगचं पुस्तक असलं की घरी करता येते.

हा निर्देशांक १९९० मध्ये आला. महबूब उल हक हे पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ त्यामागे होते, आणि अमर्त्य सेन त्यांच्या जोडीला. आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न अशा तीन गोष्टी ० ते १ मध्ये बसवायच्या. आयुर्मानाची पट्टी २० ते ८५ वर्षांची. आपलं ७२, म्हणून ५२ भागिले ६५, बरोबर ०.८.

खरी गंमत उत्पन्नात. पट्टी १०० ते ७५,००० डॉलरची. क्रयशक्तीच्या हिशेबाने, म्हणजे त्या पैशात इथे किती वस्तू येतात ते धरून, आपलं दरडोई उत्पन्न ९,०४७. साध्या पट्टीवर हे जेमतेम ०.१२ भरतं! पण इथे लॉग घेतात. लॉगला वाढ किती पटीने झाली एवढंच कळतं: हजाराचे दोन हजार झाले काय नि दहा हजारांचे वीस हजार झाले काय, गुण तेवढेच. गरिबाघरच्या हजाराचं मोल जास्त, हे त्यात आपोआप येतं. लॉगने आपले ०.६८ होतात. म्हणजे कट असलाच, तर तो आपल्या बाजूचा!

मार खातो तो शिक्षणात. शाळेत जाणाऱ्या मुलाला अपेक्षित वर्षं १३ (१८ पैकी), पण पंचविशीपुढच्यांची सरासरी फक्त ६.९ (१५ पैकी). दोन्ही मिळून ०.५९. शेवटी तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ काढायचं, म्हणजे दहावीतल्या भूमितीमध्याचाच मोठा भाऊ. २०१० पूर्वी साधी सरासरी असे. ०.९, ०.९, ०.३ ची ती ०.७ येते, घनमूळ ०.६२ वर आणतं. एक विषय कच्चा असला की बाकीचे त्याला झाकू शकत नाहीत.

आपलं उत्तर ०.६८५. (अंकज्योतिषवाल्यांनी बेरीज करून १, म्हणजे सूर्य, असं काढलं तरी क्रमांक १३०च राहतो.)

त्या ६.९ मध्ये माझी आजी आहे. दुसरीत शाळा सुटली, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायचं होतं. तिची नात एम.एस्सी. झाली, तरी हिशेबात आजीची दोन वर्षं दोनच राहतात.