नोकरीत वेळेची सवलत मागणं

घर आणि नोकरी दोन्ही सांभाळता यावं म्हणून कर्मचारी कामाची वेळ, जागा किंवा शिफ्ट बदलून मागतो आणि मग मॅनेजर किंवा एचआरशी बोलून जे काय ठरतं त्याला ऑफिसात सगळे नुसतं ॲडजस्टमेंट म्हणतात. लवकर येऊन लवकर निघणं, आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम, रात्रपाळीतून सुटका, शनिवारी आलो त्याचा कॉम्प ऑफ म्हणजे बदली सुट्टी, या नेहमीच्या मागण्या. मागे कारण असतं तान्हं बाळ, वडिलांचं डायलिसिस, नाहीतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज जाणारे तास.

भारतात खासगी नोकरीतल्या प्रत्येकाला अशी सवलत मागायचा सरसकट हक्क देणारा कायदा नाहीये. ब्रिटनमध्ये आहे, तिथे ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवशीसुद्धा अर्ज करता येतो, मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि नकाराचं कारण कायद्यात दिलेल्या कारणांपैकीच असावं लागतं. आपल्याकडे ऑफिस सुटल्यावर फोन-मेल न घेण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, पण त्याचा कायदा काही झाला नाही.

जे हक्क आहेत ते तुकड्यातुकड्यांनी आहेत आणि त्यातले सगळ्यात ठोस बाळंतपणाचे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवडे झाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभा द्यावी लागते, शिवाय बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला रोज दोन ब्रेक. रजा संपल्यावर घरून काम मात्र, कामाचं स्वरूप तसं असेल तर, मालक देऊ शकतो एवढंच म्हटलंय आणि किती दिवस, कोणत्या अटींवर हे दोघांनी मिळून ठरवायचं. म्हणजे इथे कायद्यानेच गोष्ट बोलणीवर सोडलीये, आणि कितीतरी जणी रजेवरून परत आल्यावर पहिल्या दिवशी हा विषय काढतात, तोवर टीमचं प्लॅनिंग झालेलं असतं. रजा संपायच्या महिनाभर आधी बोलणं कधीही बरं.

"जरा फ्लेक्सिबल टायमिंग मिळेल का" अशा मोघम मागणीला मोघमच उत्तर मिळतं. सकाळी ८ ते ५ हवं, क्लायंट कॉल संध्याकाळी असेल त्या दिवशी घरून घेईन, माझ्या मागे अमुक जण बघेल, दोन महिने करून बघू, असं नेमकं सांगितलं की मॅनेजरला पण वर जाऊन बोलता येतं. आणि ठरलेलं सगळं मेलवर हवं. साहेब चांगला आहे, लिहून कशाला मागायचं, असं वाटतं खरं, पण साहेब बदलला की तोंडी सवलत त्याच्याबरोबरच जाते आणि अप्रेजलला तीच गोष्ट "अव्हेलेबल नसते" म्हणून अंगावर येते.

रात्रपाळीचं वेगळं आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सात कामाला लावायचं तर तिची संमती लागते, तेव्हा नाही म्हणताना मेहेरबानी मागतोय असं वाटायचं कारण नाही. अपंग कर्मचाऱ्यांसाठी २०१६ चा कायदा आहे, त्यात गरजेनुसार योग्य ते बदल करून देणं अपेक्षित आहे.

सरकारी नोकरीत बरंच काही नियमातच बसवलेलं असतं. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण सेवेत ७३० दिवस बालसंगोपन रजा आहे, महाराष्ट्रात १८०. तरी ती हक्क म्हणून मागता येत नाही, मंजुरी वरिष्ठांचीच. राज्यात २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला तोही रोजची वेळ वाढवूनच.

कंत्राटी हाऊसकीपिंग, सिक्युरिटी, एमआयडीसीतले कामगार, यांच्यापर्यंत यातलं फार कमी पोचतं. कंपनी म्हणते ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो कंपनीचा नियम. मग तिथे पाळी आपसात बदलून घेतात, तू माझी सेकंड कर मी तुझी थर्ड करतो, सुपरवायझरच्या कानावर घालायचं आणि मुलाला दवाखान्यात न्यायचं.