पावसाळ्यात डब्यात ओल शिरते कुठून?

जुलैमध्ये मुंबईच्या हवेची सापेक्ष आर्द्रता (हवा जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे ते) बहुतेक वेळ ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्क्यांपर्यंत कोरडं राहतं. त्यापुढे ते हवेतलं पाणी ओढतं आणि त्याच पाण्यात विरघळू लागतं. त्यामुळे पावसाळ्यात उघड्या मिठाला पाणी सुटलं तर दोष मिठाचा नसतो. खडे मिठात मॅग्नेशियम क्लोराईडचा अंश असतो आणि ते तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं, म्हणून ते थंडीतही हाताला चिकट लागतं. मीठदाणीत तांदळाचे दाणे टाकायची पद्धत आहे. त्याचा उपयोग एवढाच, की दाणी हलवताना गुठळ्या फुटतात. मीठ कोरड्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं भाजून, पूर्ण गार करून ठेवावं. रोजच्या वापराच्या भांड्यात आठवडाभर पुरेल एवढंच काढावं आणि बाकीचं घट्ट बरणीत राहू द्यावं.

बिस्किटं, चिवडा, पापड यांचं गणित वेगळं आहे. त्यांतला स्टार्च कोरडा असतो तोवर कडक राहतो. पाण्याचं प्रमाण थोडं वाढलं की तो लवचीक होतो आणि कुरकुरीतपणा जातो. बिस्किटात सुरुवातीला दोन-तीन टक्के पाणी असतं, ते पाच-सहा टक्क्यांवर गेलं की बिस्किट सादळलंच. म्हणजे १०० ग्रॅम बिस्किटांना मऊ पडायला साधारण ३ ग्रॅम पाणी लागतं.

आता हे ३ ग्रॅम येतात कुठून ते पाहू. २८ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या एक लिटर हवेत जेमतेम २३ मिलिग्रॅम वाफ असते. म्हणजे ३ ग्रॅम पाण्यासाठी सव्वाशे लिटरहून जास्त हवा लागेल. डबा उघडून चार बिस्किटं काढली आणि लगेच झाकण लावलं, तर फार बिघडत नाही. बिघडतं ते रात्रभर सैल राहिलेल्या झाकणामुळे. आणि त्याहून ओल्या चमच्यामुळे: चमच्याला चिकटलेलं अर्धा मिलिलिटर पाणी म्हणजे वीस लिटरहून जास्त हवेतली वाफ एका फटक्यात आत.

म्हणून आधी झाकण तपासा. रिकामा डबा बंद करून बादलीत पाण्याखाली धरा आणि हळूहळू फिरवा. झाकणाच्या कडेने बुडबुडे आले तर त्या डब्यात डाळ ठेवा, पापड नको. साधे दाबून बसवायचे स्टीलचे डबे या परीक्षेत बहुधा नापास होतात. रबरी किंवा सिलिकॉनच्या कडीचे फिरकीचे डबे टिकतात, पण त्या कडीत पिठाचा एक कण अडकला तरी फट राहते. कडी काढून पुसायची सवय हवी.

सादळलेला चिवडा पसरट कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं परता. गरम असताना भरला तर सुटणारी वाफ झाकणाला लागून थेंब होऊन खाली पडते. तासभर उघडा ठेवला तर तो पुन्हा ओल धरतो. हाताला कोमट लागला की भरायचा. पंख्याखाली गार करू नये, त्याने दमट हवेचाच मारा होतो. घरात एसी असेल तर ताट त्या खोलीत न्यावं.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची बेगमी करताना मसाल्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं, कारण तिथे प्रश्न तब्येतीचा आहे. लालबागहून आणलेल्या मिरच्या कडक उन्हात देठ कटकन मोडेपर्यंत वाळल्या पाहिजेत. डंकावर कुटल्यावर मसाला गरम असतो, तो कागदावर पसरून पूर्ण निवू द्या. बहुतेक बुरश्यांना वाढायला पदार्थाभोवतीची हवा ६५ टक्क्यांहून जास्त दमट लागते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात उघड्यावर ती असतेच. हिंगाच्या खड्याने ओल कमी होत नाही. मोठी बरणी सीलबंद ठेवून छोट्या बरणीतून वापर करणं हाच उपाय. बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचा मसाला वापरू नका, सगळाच टाकून द्या. मिरचीवरच्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात आणि ते फोडणीच्या उष्णतेने नष्ट होत नाही.

फ्रीजमधली बरणी बाहेर काढली की लगेच उघडू नये. या दिवसांत हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे त्याहून थंड प्रत्येक गोष्टीवर पाणी धरतं. बरणी खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण काढा.

स्वयंपाकघरातला तांदूळ भिजलेल्या मोबाईलसाठीही बाहेर निघतो. तांदळात मुळातच १२ ते १४ टक्के पाणी असतं, पावसाळ्यात आणखी जास्त. तो मोबाईलमधलं पाणी ओढून घेत नाही, उलट त्याची पूड चार्जिंगच्या खाचेत बसते. ॲपलने जानेवारी २०२४ मध्ये आयफोन तांदळात ठेवू नका असं स्पष्टच सांगितलं. मोबाईल बंद करून कव्हर काढा. खाच खाली धरून तळहातावर हलकेच आपटा आणि मग पंख्यासमोर उभा ठेवा. इथे पंखा चालतो, कारण पाण्याच्या थेंबालगतची हवा पूर्ण संपृक्त, म्हणजे वाफेने काठोकाठ भरलेली असते आणि ८५ टक्क्यांचा वारासुद्धा तिच्याहून कोरडा असतो. हेअर ड्रायर नको, उष्णतेने आतला गोंद सैल होतो. मरीन ड्राइव्हवर लाटेचं पाणी उडालं असेल आणि मोबाईल जलरोधक असेल, तर आधी गोड्या पाण्याने धुऊन घ्या. नाहीतर खाचेत मीठ उरतं.

चार्जर लावायची घाई मात्र सगळ्यांत महाग पडते. ओल्या खाचेत वीज गेली की पिनांमध्ये विद्युत अपघटन, म्हणजे विजेमुळे होणारी रासायनिक झीज, सुरू होतं. वरचा सोन्याचा मुलामा झिजतो, आतलं तांबं हिरवं पडतं आणि खाच बदलावी लागते. किमान अर्धा तास थांबून केबल लावून पाहा. ओलाव्याची सूचना आली तर केबल लगेच काढा आणि मोबाईल पुन्हा वाळत ठेवा. पूर्ण वाळायला एक दिवसही लागू शकतो.