गच्चीचा पाइप थेट बोअरमध्ये? जरा थांबा

‘गच्चीचा पाइप बोअरमध्ये सोडला की झालं रेनवॉटर हार्वेस्टिंग!’ सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी हे ठामपणे सांगतंच. चूक आहे. उन्हाळाभर साठलेली धूळ, कबुतरांची विष्ठा, पालापाचोळा पहिल्या पावसात वाहून येतो. तो थेट बोअरमध्ये गेला तर खडकातल्या भेगा गाळाने बुजतात, जंतू भूजलात मिसळतात. विहिरीत निदान उतरून गाळ काढता येतो. सहा इंची बोअरमध्ये कोण उतरणार?

म्हणून पहिल्या एकदोन सरींचं पाणी वाहून जाऊ द्यायचं. पुढचं वाळू, खडी, गोटे यांच्या थरांतून गाळूनच खाली सोडायचं आणि मे महिन्यात गच्चीबरोबर हा फिल्टरही धुवायचा. घोडं बहुधा इथेच अडतं.

‘एवढ्याशा गच्चीत किती मिळणार?’ हा दुसरा गैरसमज. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. १०० चौरस मीटर गच्चीवर ७०० मिलिमीटर पडला तर ७०,००० लिटर. वाया जाणारं वजा करून ५५ हजारांच्या आसपास, म्हणजे १० हजार लिटरचे पाच टँकर. मात्र बोअरमधून जमिनीत मुरवलेलं पाणी बेसाल्टच्या (काळ्या कातळाच्या) भेगांतून शेजारच्या बोअरलाही लागू शकतं. स्वतःलाच वापरायचं असेल तर टाकी बांधा.