व्यवसाय प्रशासनातील असोसिएट पदवी

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात साधारण दोन वर्षांच्या अभ्यासानंतर मिळणारी पदवी. चार वर्षांच्या बॅचलर पदवीचा पहिला निम्मा भाग, असे तिचे ढोबळ वर्णन करता येईल. ती घेऊन थेट नोकरीला लागता येते किंवा विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येते. मात्र या दोन वाटा पदवी हातात आल्यावर फुटत नाहीत. त्या पहिल्याच सत्रात, विषय निवडताना फुटतात. हे वेळेवर न कळल्याने हुशार आणि कष्टाळू विद्यार्थ्यांचीही सत्रे वाया जातात.

या व्यवस्थेची सुरुवात १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे झाली. पदवीची पहिली दोन वर्षे विद्यापीठाबाहेरही शिकवता येतील, असे शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचे मत होते. जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी सहा विद्यार्थ्यांना घेऊन ते करून दाखवले. १९४४ च्या ‘जी. आय. बिल’ या कायद्यामुळे युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च मिळू लागला आणि १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशी कॉलेजे देशभर वाढवण्याची शिफारस केली. ‘ज्युनिअर कॉलेज’ हे जुने नाव मागे पडून ‘कम्युनिटी कॉलेज’ रुळले ते त्यानंतर. (महाराष्ट्रात ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. तिकडच्या जुन्या कागदपत्रांतले ज्युनिअर कॉलेज त्याच्या पुढचे आहे.)

या कॉलेजांचे दार सर्वांना उघडे असते. कट-ऑफ नाही, गुणवत्ता यादी नाही, प्रवेश परीक्षा नाही. हायस्कूल पूर्ण केलेला किंवा अठरा वर्षांचा झालेला कोणीही नाव घालू शकतो. वर्ग संध्याकाळीही भरतात, त्यामुळे एकाच बाकावर अठरा वर्षांची मुलगी आणि दिवसभर गोदामात काम करून आलेला चाळिशीचा गृहस्थ शेजारी बसलेले दिसतात.

कॅलिफोर्नियातील व्यवस्था ही देशातील सर्वांत मोठी : ७३ कॉलेज-जिल्हे (कॉलेजे चालवणारे विभाग), ११६ कॉलेजे. राज्याच्या रहिवाशाला शुल्क एका युनिटला, म्हणजे अभ्यासाच्या मोजमापाच्या एका एककाला, ४६ डॉलर. पदवीला ६० युनिट्स लागतात, म्हणजे सबंध पदवीचे शुल्क २,७६० डॉलर. पुस्तके, प्रवास आणि घरभाडे वेगळे, आणि खरा भार त्यांचाच असतो. गरजू रहिवाशांना हे शुल्कही माफ होते. बाहेरच्या राज्यातल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांना मात्र कित्येक पट जास्त मोजावे लागतात. क्युपर्टिनोच्या डी अँझासारख्या तिमाही पद्धतीच्या कॉलेजांत हीच पदवी ९० युनिट्सची असते. एका सत्राचे एक युनिट म्हणजे आठवड्याला वर्गात एक तास आणि घरी दोन तास अभ्यास, असा हिशेब धरतात.

अभ्यासक्रमाचा कणा ठरलेला आहे : वित्तीय लेखाशास्त्र, व्यवस्थापकीय लेखाशास्त्र, सूक्ष्म व समग्र अर्थशास्त्र, व्यवसायविषयक कायदा, व्यवसायाची ओळख आणि संख्याशास्त्र किंवा त्याच्या तोडीचे गणित. काही विद्यापीठे कॅल्क्युलसही मागतात. उरलेली युनिट्स सामान्य शिक्षणाची : इंग्रजी लेखन, विज्ञान, कला, समाजशास्त्रे. वाणिज्य शाखेतून आलेल्या मराठी विद्यार्थ्याला लेखाशास्त्राच्या वर्गात परके वाटत नाही, कारण नावे-जमा, किर्द-खतावणी तीच. पण पहिला ताळेबंद समोर आला की तो थबकतो. भारतात सहसा शिकवल्या जाणाऱ्या कंपनीच्या ताळेबंदात वर भागभांडवल आणि देणी, खाली मालमत्ता. आणि मालमत्तेतही आधी जमीन, इमारत, यंत्रे. अमेरिकी ताळेबंदात मालमत्ता आधी, आणि तिच्यातही पहिली ओळ रोख रकमेची. मग येणी, मग मालाचा साठा, आणि यंत्रे-इमारती पार खाली. जे लवकर पैशात बदलते ते वर, हा तिथला नियम. दोन्हीकडे बेरीज जुळते, फक्त नजर वेगळ्या टोकाकडून फिरवावी लागते.

पदवीच्या नावामागची अक्षरे महत्त्वाची. अनेक राज्यांत दिली जाणारी ‘एएएस’ म्हणजे उपयोजित पदवी नोकरीसाठी आखलेली असते. तिच्यातले बरेच विषय विद्यापीठ आपल्या पदवीत धरत नाही. ‘एए’ (कला शाखेची) आणि ‘एएस’ (विज्ञान शाखेची) असोसिएट पदवी पुढे नेता येते, पण कोणता विषय कशासाठी चालेल हे ज्या त्या विद्यापीठाशी झालेल्या करारावर ठरते. हा गोंधळ कमी करण्यासाठी कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा करून ‘एएस-टी’ ही खास हस्तांतरणासाठीची, म्हणजे विद्यापीठात पुढे जाण्यासाठीची, पदवी आणली. ती घेणाऱ्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत जागेची हमी असते आणि तिथे उरलेल्या ६० युनिट्सहून अधिक मागता येत नाहीत. मात्र ही हमी विद्यापीठ व्यवस्थेची असते, हव्या त्या कॅम्पसची नाही. मागणी जास्त असलेल्या कॅम्पसला चारपैकी किमान २.० गुणांची सरासरी पुरत नाही.

देशभर पाहिले तर कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या दर पाचांपैकी सुमारे चौघांना पुढे बॅचलर पदवी हवी असते. विद्यापीठापर्यंत साधारण एक-तृतीयांश पोचतात आणि सहा वर्षांत ती पदवी मिळवणारे सहांत एखादाच. नोकरी, मुले आणि घरभाडे ही कारणे आहेतच. पण घेतलेले विषय न धरले जाणे हे कारण टाळता येण्यासारखे आहे. म्हणून पहिल्याच महिन्यात समुपदेशकासमोर बसून सत्रवार आराखडा लिहून घेणे हे लेखाशास्त्राच्या पहिल्या धड्याइतकेच आवश्यक आहे. कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ या सार्वजनिक संकेतस्थळावर कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कुठे चालतो, ते स्वतः पडताळता येते.

सिलिकॉन व्हॅलीतील मराठी घरांना ही कॉलेजे ओळखीची आहेत. एच-४ व्हिसावर, म्हणजे तिथे एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला किंवा मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, शिकायला मुभा असते, आणि कॅलिफोर्नियात वर्षभर राहून रहिवासी ठरल्यावर ४६ डॉलरचा दरही मिळू शकतो. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला तो मिळत नाही, शिवाय त्याला दर सत्रात १२ युनिट्स घ्यावीच लागतात. भारतातील नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे, तिची या पदवीशी तुलना होते. फरक असा, की अमेरिकेत पहिली दोन वर्षे शिकवण्यासाठीच उभी राहिलेली संस्था आहे.

या पदवीवर हिशेबनीस, पगारपत्रक लिपिक, दुकानातील सहायक व्यवस्थापक अशी कामे मिळतात. भारतातून बी.कॉम. किंवा एम.कॉम. होऊन गेलेल्यांना बहुधा ही पदवी लागतच नाही. सीपीए (आपल्याकडच्या सीएसारख्या लेखापालाच्या) परवान्यासाठी कमी पडणारी लेखाशास्त्राची युनिट्स तेवढी ते याच वर्गांत, त्याच दराने, एकेक विषय घेऊन भरून काढतात.