‘तुम्हाला देत नाही’ आणि ‘मासे चालत नाहीत’: घर नाकारण्याचे दोन प्रकार

रत्नागिरीत भाड्याने ब्लॉक शोधणाऱ्याला नकार दोन तऱ्हांनी मिळतो. एके ठिकाणी एजंट आडनाव विचारतो आणि लगेच म्हणतो, ‘अहो, तो ब्लॉक कालच गेला.’ दुसरीकडे आडनाव कोणी विचारत नाही. एवढंच सांगतात, ‘घरात ओली-सुकी मासळी काही शिजवायची नाही.’ पहिला प्रकार म्हणजे प्रत्यक्ष भेदभाव. दुसरा अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो. ठरेलच असं नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

प्रत्यक्ष भेदभाव समजायला सोपा. समोरचा माणूस कोण आहे हे पाहून वागणूक बदलते. अवघड असतं ते सिद्ध करणं, कारण खरं कारण कोणी तोंडाने बोलत नाही. अमेरिकेत १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट आला. तिथल्या संस्थांनी यावर साधा उपाय काढला: त्याच घरासाठी आधी कृष्णवर्णीय आणि मग गोरा माणूस पाठवायचा, दोघांची मिळकत सारखीच. एकाला ‘गेलं’ आणि दुसऱ्याला ‘कधी येताय बघायला?’ असं उत्तर मिळालं की पुरावा हातात. ज्याला खोटं सांगितलं तो चाचणीसाठी आलेला असला तरी स्वतः दावा लावू शकतो, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितलं. आपल्याकडे मित्राला वेगळ्या आडनावाने फोन करायला लावणारे पुष्कळ आहेत; त्या फोनचं पुढे काही होत नाही, एवढाच फरक.

अप्रत्यक्ष भेदभावात नियम सगळ्यांना एकच असतो, पण त्याचा फटका एकाच गटाला बसतो. इथे मालकाच्या मनात काय होतं हे शोधत बसत नाहीत. ही कल्पना रुजली ती नोकरीच्या खटल्यात. नॉर्थ कॅरोलिनातल्या एका वीज कंपनीने बऱ्या कामांसाठी हायस्कूल पास असण्याची आणि लेखी चाचण्यांची अट घातली. कामाशी त्या अटींचा संबंध नव्हता, पण कृष्णवर्णीय कामगार मात्र गळत होते. १९७१ च्या निकालात सरन्यायाधीश बर्गर यांनी चक्क कोल्हा आणि करकोचाच्या गोष्टीचा दाखला दिला: दोघांपुढे दूध ठेवलं म्हणजे दोघांना सारखी संधी मिळाली असं होत नाही. घरांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू होतं, यावर २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या कायम नेमणुकीच्या खटल्यात, २०२१ साली, अप्रत्यक्ष भेदभावाची सविस्तर चिकित्सा केली. पुरुषांची जी शारीरिक तपासणी तरुण वयात व्हायची, तोच निकष बायकांना कैक वर्षांनी, वाढलेल्या वयात लावला जात होता.

आता माशांकडे वळू. ‘फक्त शाकाहारी’ या पाटीवर कोणत्याच जातीचं किंवा धर्माचं नाव नसतं. पण कोकणात ती पाटी कोणाला बाहेर ठेवते ते पाहा: कोळी, गाबीत, भंडारी, कुणबी, मराठा, कोकणी मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध. सारस्वतसुद्धा बाहेरच. आत उरणारी घरं बोटांवर मोजण्याएवढी. परिणामापुरतं बोलायचं तर प्रश्न इथेच मिटतो. अप्रत्यक्ष भेदभावाचा कायदा जिथे आहे तिथे तो मात्र पुढचं विचारतो: या नियमामागे खरी गरज आहे का? आणि कमी जाचक मार्गाने ती भागेल का? मालकीणबाई त्याच घरात राहतात, चूल सामाईक आहे, त्यांना सुकटीचा वास सोसत नाही, तर त्यांचं म्हणणं मला पटतं. चाळीस ब्लॉकच्या इमारतीला तोच नियम लावला तर पटत नाही. तिथे एक्झॉस्ट पंखा बसवा, सामाईक गॅलरीत बोंबील वाळवू नका, एवढ्याने भागतं.

आणखी एक पेच आहे. मासे नकोत म्हणणाऱ्या मालकाला एका भाडेकरूच्या घरातलं ऑम्लेट चालतं आणि दुसऱ्याच्या घरातलं चालत नाही. असं झालं की माशांचा नियम नुसता पडदा ठरतो आणि प्रकरण पुन्हा प्रत्यक्ष भेदभावात जाऊन पडतं. म्हणून नियम काय आहे यापेक्षा तो कोणाकोणाला लावला, हे आधी विचारावं.

भारतात या दोन्हींपासून संरक्षण किती? फार तुटपुंजं. संविधानाचं कलम १५(१) राज्यसंस्थेला बांधतं, खासगी घरमालकाला नाही. पण काही गटांसाठी कायदे आहेत. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास आडकाठी करणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. एचआयव्हीबाधितांना २०१७ च्या आणि तृतीयपंथीयांना २०१९ च्या कायद्याने घर भाड्याने घेण्याच्या बाबतीत संरक्षण आहे. रायगडात गावकीने कुटुंबं वाळीत टाकल्याच्या तक्रारी गाजल्यावर आलेला महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून लागू आहे. मात्र तो एकाच समाजातल्या लोकांमधल्या बहिष्काराबद्दल आहे. परक्या भाडेकरूला त्याचा उपयोग नाही. धर्मावरून ब्लॉक नाकारणाऱ्या खासगी मालकाला थेट अडवणारा केंद्रीय कायदा नाही, हे कटू असलं तरी खरं आहे.

अप्रत्यक्ष भेदभावाची खूण मला सर्वांत स्पष्ट दिसते ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात. तिथे भेदभावाच्या व्याख्येत ‘उद्देश किंवा परिणाम’ असे दोन्ही शब्द आहेत आणि वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच आहे. ‘पार्किंग पहिल्या येणाऱ्याला, नियम सर्वांना सारखा’ हे उत्तर व्हीलचेअरवरच्या रहिवाशाला देता येत नाही.

सोसायट्यांचं गणित आणखी निराळं. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यातलं कलम २३ खुलं सभासदत्व सांगतं. तरी अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा ‘फक्त पारशी’ हा उपविधी, म्हणजे सोसायटीचा अंतर्गत नियम, सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवला, संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्याचा आधार घेऊन. मला तो निकाल आजही खटकतो. मात्र त्याचा अर्थ चिपळूणच्या कुठल्याही कमिटीने उठून भाडेकरू निवडावेत असा होत नाही. आदर्श उपविधींनुसार ब्लॉक भाड्याने देताना सभासदाने सोसायटीला आगाऊ कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. सेक्रेटरी ‘कमिटीला चालणार नाही’ म्हणाले तर ठराव लेखी मागा. सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे तक्रार करताना जोडायला ती प्रत उपयोगी पडते.