क्षय आणि साखर: एका जुन्या जोडीची पार्श्वभूमी

सोलापुरात जुनी गिरणी 1870 च्या दशकात उभी राहिली. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी त्यानंतर, 1882 साली दाखवला. गिरण्या गेल्या, पूर्व भागात यंत्रमाग आले, विड्या वळणं चालूच राहिलं. दाटीची घरं आणि अपुरं जेवण असेल तिथे टीबी मुक्काम ठोकतो. मधुमेह मात्र श्रीमंतांचा आजार, अशी समजूत बराच काळ होती. ती चुकीची होती आणि तिची किंमत गरिबांनी मोजली.

या दोन आजारांचं नातं डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 1922 साली इन्सुलिन पहिल्यांदा रुग्णाला दिलं गेलं. त्याआधी मधुमेहाचे कितीतरी रुग्ण शेवटी क्षयानेच दगावत. मधुमेह असेल तर टीबी होण्याचा धोका साधारण दोन ते तीन पट वाढतो. औषधं सुरू असताना मृत्यूचा आणि बरं झाल्यावर आजार उलटण्याचा धोकाही जास्त राहतो.

औषधांची खरी गुंतागुंत रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे सुरू झाली. 1960 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या औषधामुळे पुढे दीड-दोन वर्षांचे उपचार सहा महिन्यांवर आले, हे त्याचे उपकारच. पण ते यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा वेगाने चालवतं. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या साखरेच्या गोळ्या त्यामुळे लवकर निकामी होतात आणि नियमित गोळी घेऊनही शुगर चढते. मेटफॉर्मिन ही साखरेची दुसरी गोळी यकृतात मोडली जात नाही, म्हणून तिच्यावर किंवा इन्सुलिनवर भर दिला जातो. उलट बाजूने, मधुमेहींच्या रक्तात रिफाम्पिसिनच कमी उतरतं, असं काही अभ्यासांत दिसलं. सगळ्या अभ्यासांत नाही. आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या औषधाने पायांना मुंग्या येतात, मधुमेहानेही येतात. म्हणून सोबत बी-6 जीवनसत्त्वाची गोळी देतात.

जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही आजार एकत्र हाताळण्याची चौकट 2011 साली मांडली, भारताने स्वतःची 2017 साली. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची साखर तपासायची, हे त्यातून ठरलं. तरीही टीबीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून आणि साखरेच्या मेडिकलमधून, असं असेल तर एका डॉक्टरला दुसऱ्याची चिठ्ठी दिसत नाही. दोन्ही चिठ्ठ्या दोन्हीकडे दाखवाव्यात, हे रुग्णाला सांगणारं कुणीतरी हवंच.

सहा महिने संपून रिफाम्पिसिन थांबलं की सुमारे दोन आठवड्यांत यकृताचा वेग पूर्ववत होतो. मधल्या काळात वाढवलेला साखरेच्या गोळ्यांचा डोस तसाच राहिला, तर शुगर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. नेमकी तेव्हाच टीबीच्या दवाखान्याची फेरी थांबलेली असते.