पाळकांची संयुक्त प्रार्थनासभा (पुणे)

निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे पाळक (चर्चचे धर्मसेवक) मंडळीत, म्हणजे चर्चच्या विश्वासी समुदायात, आत्मिक जागृती व्हावी आणि देशाचे भले व्हावे म्हणून ठरलेल्या दिवशी एकत्र बसून प्रार्थना करतात, ती ही सभा. तिच्यात उपदेश ऐकायला श्रोते नसतात, दान गोळा केले जात नाही. प्रभुभोजनही (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी) सहसा ठेवत नाहीत, कारण ते कोणी द्यावे आणि कोणी घ्यावे याचे नियम पंथागणिक वेगळे आहेत.

या प्रथेचे मूळ जुने आहे. अमेरिकेतील धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांनी १७४७ मध्ये एकजुटीच्या प्रार्थनेचा आग्रह धरणारी पुस्तिका लिहिली. ती वाचून इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टनशायरच्या बॅप्टिस्ट पंथाच्या पाळकांनी १७८४ मध्ये दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तासभर प्रार्थना करण्याचे ठरवले. त्याच वर्तुळातून १७९२ मध्ये मिशनरी संस्था उभी राहिली, विल्यम कॅरी भारतात आले आणि १८११ मध्ये मराठी नवा करार (बायबलचा दुसरा भाग) छापला गेला. मराठी मंडळीच्या हाती आलेल्या शास्त्राची एक मुळी अशी पाळकांच्या प्रार्थनेत आहे.

पुणे जिल्ह्याला याहून जवळचा वारसा केडगावचा. पंडिता रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये तिथल्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये (निराधार स्त्रियांच्या आश्रमात) रोजच्या प्रार्थनेसाठी स्वेच्छेने पुढे येण्याचे आवाहन केले. सुरुवातीला सत्तर जणी आल्या. जूनअखेर जागृती सुरू झाली तोवर दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेवर गेली होती. तिथे पापांची कबुली आधी आली, आनंद मागून आला. पाळकांच्या सभेतही हाच क्रम पाळावा लागतो.

दिवस निवडताना रविवार बाद होतो. शनिवारी रविवारच्या संदेशाची (प्रवचनाची) तयारी आणि लग्ने असतात, म्हणून आठवड्यातली एखादी सकाळ बरी. नोकरी सांभाळून सेवा करणाऱ्या पाळकांसाठी मात्र सकाळी सहाची वेळ ठेवावी लागते. कॅम्प, खडकी, गुरुवार पेठ, पिंपरी अशा ठिकाणी आळीपाळीने जमले की कोणा एका मंडळीची सभा असा शिक्का बसत नाही. यजमान पाळकाने सभा चालवू नये, हा संकेत फार उपयोगाचा आहे.

अडीच तासांची सभा धरली तर पहिली वीस मिनिटे गीत आणि स्तुती, दहा मिनिटे वचन, म्हणजे बायबलवाचन. योएल २:१७, २ इतिहास ७:१४ हे उतारे नेहमीचे. ते वाचावेत, त्यांवर संदेश देऊ नये. पुढची चाळीस मिनिटे कबुलीची, तीन-तीन जणांच्या गटांत, याकोब ५:१६ प्रमाणे. सभेचे सारे बळ इथे आहे. ‘प्रभू, आम्हां सर्वांना क्षमा कर’ असे मोघम बोलून कोणाचेच काही बदलत नाही. ‘तुमच्या मंडळीतलं कुटुंब माझ्याकडे आलं, तेव्हा मी तुम्हाला साधा फोनही केला नाही’ असे एक पाळक दुसऱ्याला म्हणाला की त्या दोन मंडळ्यांमधला जुना ताण सैल होऊ लागतो. सभासद ओढल्याची तक्रार हे शहरातल्या पाळकांमधल्या दुराव्याचे मोठे कारण आहे. ते मनात ठेवून देशासाठी केलेली प्रार्थना पोकळ राहते. गटात ऐकलेले बाहेर न्यायचे नाही. एकदा ही मर्यादा मोडली की पुढच्या सभेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात.

त्यानंतर मंडळी, शहर आणि देश. १ तीमथ्य २:१-२ अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगते. ती त्यांच्या सुबुद्धीसाठी आणि न्यायासाठी करावी. कोणत्याही पक्षाचा जय-पराजय मागू नये आणि अन्य धर्मीयांविषयी कडू शब्द उच्चारू नये. विषय नेमके हवेत: ससूनमधले रुग्ण, स्पर्धा परीक्षा देणारी मुले, दारूने मोडलेली घरे, पाणी नसलेली गावे. एका विषयावर दोघा-तिघांनी दोन-दोन मिनिटे प्रार्थना करावी, मग पुढचा विषय घ्यावा.

बिघडते ते बहुधा वेळेमुळे. प्रार्थनाविषय सांगण्यातच तास जातो, किंवा एखादा भाऊ डोळे मिटून प्रवचन सुरू करतो. विषय आधीच कागदावर लिहून वाटले की पहिली अडचण सुटते. दुसरीसाठी चालकाने हळूच गीत सुरू करावे. काही पंथांत सारे एकाच वेळी मोठ्याने, ‘अन्य भाषांत’ही (आत्म्याच्या प्रेरणेने येणाऱ्या, न शिकलेल्या भाषांत) प्रार्थना करतात, तर काहींत छापील प्रार्थना आणि शांतता. दोन्हींना वेळ वाटून दिला नाही तर एक बाजू गप्प होते आणि पुढे येईनाशी होते. तमिळ, तेलुगू, मल्याळी पाळकांनी आपल्या भाषेतच प्रार्थना करावी. भाषांतराची गरज नसते, शेवटी सारे ‘आमेन’ म्हणतात.

उपास असेल तर मधुमेही पाळकांना आधीच सूट द्यावी; पाणी सर्वांनी प्यावे. रात्रभराच्या प्रार्थनेत दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवावा, तो कायदाही आहे आणि शेजारधर्मही. विषयांची वही तारखेनिशी ठेवावी. तीन महिन्यांनी ती उघडून ज्यांचे उत्तर मिळाले त्यांबद्दल उपकारस्तुती करावी आणि उरलेले विषय पुढच्या पानावर उतरवून घ्यावेत.